कोकणातल्या घराचे अंदाजपत्रक फुटाच्या दरावर नको

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भातकापणी आटोपून दिवाळी झाली की कोकणात घरबांधणीचा हंगाम सुरू होतो. पावसाळ्यात बंद असलेल्या चिरेखाणी, म्हणजे जांभा दगडाच्या खाणी, पुन्हा चालू होतात, सुट्टीत गावी आलेले चाकरमानी जागा दाखवून आणि नारळ वाढवून परततात, आणि पुढच्या वर्षी गणपती नव्या घरात आणायचा हे मनाशी ठरवूनच कंत्राटदाराशी बोलणी होतात. या बोलण्यांत पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा प्रश्न एकच असतो : ‘फुटाला काय दर?’ त्या दराला घराच्या चौरस फुटांनी गुणले आणि आलेल्या आकड्याएवढे पैसे किंवा कर्ज उभे केले, की बजेट झाले असे समजले जाते. मी राजापूर तालुक्यात बांधकामांची मापे घेण्याचे आणि अंदाजपत्रके करण्याचे काम करतो. लिंटेलपर्यंत, म्हणजे दारे-खिडक्यांवरच्या आडव्या पट्ट्यापर्यंत, येऊन थांबलेली, कॉलमच्या सळया गंजत उभ्या असलेली घरे आमच्या भागात वाडीवाडीत दिसतात. त्यांच्या मालकांनी उधळपट्टी केलेली नसते. घराच्या खर्चाचा मोठा भाग त्यांच्या हिशेबात कधी आलेलाच नसतो. कोकणातल्या घराचे अंदाजपत्रक फुटाच्या दरावर न करता प्रत्येक बाबीच्या मापावर करावे आणि त्यासाठी लागणारे स्थानिक दर लोकांना उघडपणे मिळावेत, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मुळात फूट कशाचा, हेच ठरलेले नसते. २५ फूट रुंद आणि ४० फूट लांब घर बाहेरून मोजले तर १,००० चौरस फूट भरते. इथल्या पावसात भिंती वाचवायच्या तर स्लॅब चारही बाजूंनी निदान दोन फूट बाहेर काढावा लागतो, म्हणजे स्लॅबचे माप २९ गुणिले ४४, अर्थात १,२७६ चौरस फूट होते. मालकाच्या मनातला आकडा हजाराचा असतो आणि बिल स्लॅबच्या मापाने येते. दर एका पैशाने न वाढताही खर्च पाव हिश्शाहून अधिक वाढलेला असतो. पडवीचे माप पूर्ण धरायचे की निम्मे, जिन्यावरची टोपी आणि माळा मोजायचा का, पाण्याच्या टाकीचा चौथरा कशात येतो, यांतले काहीही आधी लिहिलेले नसते. कंत्राटदार लबाड असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. आमच्याकडचे अनेक मिस्त्री शब्दाला जागणारे आहेत. पण दोघांच्या डोक्यांत दोन वेगळी मापे असली की दोघांनी शब्द पाळूनही भांडण होते. मोजमाप कसे घ्यावे यासाठी भारतीय मानक १२०० आहे आणि गिलाव्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट करू नये, इतक्या बारीक तपशिलापर्यंतचे नियम त्यात दिलेले आहेत. ‘मोजमाप या मानकाप्रमाणे होईल’ एवढे एक वाक्य करारात असले तरी पुष्कळसे वाद उभेच राहत नाहीत.

यापेक्षा मोठा खड्डा जोत्यात असतो. एका कुटुंबाने तपासण्यासाठी आणलेली कंत्राटाची चिठ्ठी हे पत्र लिहिताना माझ्यासमोर आहे. वहीच्या एका पानावर फुटाचा दर, त्याखाली ‘जोत्यापासून वर’ हे शब्द (म्हणजे जोत्यापर्यंतचे काम या दरात नाही) आणि त्याखाली पाच हप्त्यांच्या रकमा, एवढाच मजकूर आहे. देशावरच्या सपाट जमिनीवर ‘जोत्यापासून वर’ एकवेळ चालून जाईल. कोकणात सपाट जमीन भातासाठी राखलेली असते आणि घर उतारावर बांधले जाते. या कुटुंबाची जागा मागून पुढे ४० फुटांत पाच फूट उतरते. मागच्या बाजूला जोते दोन फूट ठेवले तर पुढच्या बाजूला ते सात फूट होते. जास्तीचा भराव सरासरी अडीच फूट धरला तर १,००० चौरस फुटांवर तो २,५०० घनफूट, म्हणजे २५ ब्रास होतो, आणि चोपल्यावर मुरूम दबतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून अधिक आणावा लागतो. सात फुटांचा भराव अडवणारी पुढची भिंत नेहमीच्या जाडीची चालत नाही. तिला जास्त जाडी, खाली काँक्रीटचा पट्टा आणि पाणी निघून जायला भोके ठेवावी लागतात, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आतली माती फुगून भिंत बाहेर येते. मागच्या बाजूने डोंगर कापलेला असेल तर तिथे धरभिंत आणि वरून येणारे पाणी वळवणारे गटार लागते. घरापर्यंत ट्रक जाईल असा रस्ता, विहीर किंवा बोअरवेल, मैलाटाकी आणि शोषखड्डा, महावितरणची जोडणी, भोवतीचा गडगा यांपैकी एकही बाब त्या पानावर नाही.

त्या कुटुंबाला प्रत्येक बाबीचे माप काढून दिले तेव्हा, संपूर्ण घरासाठी त्यांनी योजलेल्या रकमेपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा जोत्यापर्यंतच संपत असल्याचे दिसले. सुदैवाने पायखोदाई झालेली नव्हती. आराखड्यात घर फिरवून त्याची २५ फुटांची बाजू उताराच्या दिशेने घेतली, तेव्हा उतार तीन फुटांवर आणि जास्तीचा भराव साधारण १५ ब्रासवर आला. खोल्या तेवढ्याच राहिल्या. अंदाजपत्रक आधी केले तर आराखडा बदलता येतो. फुटाच्या दरावर ठरवलेल्या कामात ही संधी कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण फुटाच्या दराला जमिनीचा उतार कळत नाही.

चिऱ्याबाबतही असेच होते. चिऱ्याचा दर नगावर सांगतात आणि चिऱ्याचे माप मात्र खाणीखाणीला बदलते. सात इंच उंचीच्या चिऱ्याऐवजी सहा इंचांचा चिरा आला, तर मधला अर्ध्या इंचाचा सिमेंटचा थर धरूनही तेवढ्याच भिंतीला शंभरामागे साधारण १५ चिरे जास्त लागतात, शिवाय थर वाढल्यामुळे सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी वाढते ती वेगळीच. नगाला दोन-चार रुपये कमी म्हणून घेतलेला चिरा अशा रीतीने महाग पडतो. त्यातच दर खाणीवरचा आहे की घरपोच, हे विचारले जात नाही. खाणीपासूनचे भाडे, उतराईची हमाली, वाटेत फुटणारे चिरे, आणि ट्रक पाखाडीच्या पायथ्याशी थांबला तर तिथून डोक्यावरून वर नेण्याची मजुरी, हे सारे मिळवले की एकाच तालुक्यातल्या दोन गावांत चिऱ्याच्या घरपोच किमतीत बराच फरक पडतो. म्हणून मुंबईत किंवा कोल्हापुरात ऐकलेला दर इथे उपयोगाचा नाही, आणि शेजारच्या गावातलाही सरसकट लागू करता येत नाही.

स्लॅबविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण काटकसर नको तिथे होते ती इथेच. वर सांगितलेला १,२७६ चौरस फुटांचा स्लॅब पाच इंच जाडीचा धरला तर सुमारे १५ घनमीटर काँक्रीट लागते आणि घनमीटरला आठ पोती या नेहमीच्या प्रमाणाने ५० किलोची १२० पोती सिमेंट. हा हिशेब घरमालकाने कागदावर करून ठेवला, तर स्लॅबच्या दिवशी रिकामी पोती मोजून त्याला पडताळा घेता येतो. सळईचेही तसेच आहे : मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते, म्हणजे १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई सुमारे १०.७ किलो भरली पाहिजे. वजनाने बिल आले आणि सळया मोजून ठेवल्या असल्या की हिशेब जुळतो की नाही ते लगेच कळते.

परंतु किनाऱ्यावर यापुढचाही विचार हवा. खाऱ्या हवेत सळई लवकर गंजते, आणि तिच्यावर काँक्रीटचे आवरण किती आहे यावर स्लॅबचे आयुष्य ठरते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे हे आवरण सौम्य वातावरणात २० मिलिमीटर, मध्यम वातावरणात ३० आणि तीव्र वातावरणात ४५ मिलिमीटर असावे लागते. किनाऱ्यालगतचे घर सौम्य वर्गात धरताच येत नाही, आणि मध्यम वर्गालाही निदान एम-२५ प्रतीचे काँक्रीट सांगितलेले आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे सळईखाली जेमतेम एखादी खपली ठेवून स्लॅब ओततात. फुटाच्या दरात आवरणाचा उल्लेख नसतो, एम-२५ चा नसतो, वाळू गोडी आहे की खाडीतली न धुतलेली आहे याचाही नसतो. मग दहा-पंधरा वर्षांत छताचे पोपडे पडू लागतात, गंजलेल्या सळया उघड्या पडतात, आणि त्या वेळच्या दुरुस्तीचा खर्च सुरुवातीला वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट असतो. मच्छीमार वस्त्यांतली अशी घरे पाहिली की फार वाईट वाटते, कारण बोटीचे कर्ज फेडता फेडता बांधलेली ती घरे असतात.

पाण्याचा खर्च तर कुणीच धरत नाही. स्लॅब बहुधा मार्च-एप्रिलमध्ये पडतो आणि नेमक्या त्याच महिन्यांत विहिरी तळ गाठतात. स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी साठवायचे म्हटले तर या एका घराला एका वेळी सुमारे ६,००० लिटर पाणी लागते, उन्हात आटेल त्याची भर रोज वेगळी. मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेले) सिमेंट वापरले असेल तर निदान १० दिवस काँक्रीट ओले ठेवावे असे मानक सांगते. टँकरचे पैसे धरलेले नसले की चौथ्या दिवशी पाणी मारणे थांबते. किनाऱ्याजवळच्या बोअरवेलचे पाणी मचूळ असेल तर ते काँक्रीटमध्ये वापरण्याआधी तपासून घ्यावे; सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. तपासणीचा खर्च घराच्या खर्चापुढे नगण्य असतो.

आणखी एक बाब कोकणाबाहेरच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. इथे स्लॅब झाल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत त्यावर लोखंडी सांगाडा करून पत्र्याचे छप्पर घातले जाते. ज्यांनी सुरुवातीला ‘आम्हाला पत्रा नको’ असे ठामपणे सांगितले, त्यांच्याही घरावर पुढे तो चढतो, कारण तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात सपाट स्लॅब कोरडा ठेवणे अवघड आहे. तेव्हा हा खर्च नंतरचा न मानता पहिल्या अंदाजपत्रकातच धरावा. तसे केले तर स्लॅबमध्येच सांगाड्यासाठी बोल्ट सोडता येतात, पुढे भोके पाडून गळतीला वाट करून द्यावी लागत नाही. पश्चिमेकडची झड अडवणारे पडवीचे पत्रे आणि पन्हळ्याही त्याच हिशेबात याव्यात. ३ जून २०२० रोजी आलेले निसर्ग चक्रीवादळ आणि मे २०२१ मधले तौक्ते यांनी सांगाड्याला नीट न बांधलेल्या पत्र्यांचे काय होते ते रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत दाखवून दिले. वाऱ्याची ओढ कडेच्या आणि कोपऱ्यांतल्या पत्र्यांवर सर्वांत जास्त असते, म्हणून तिथे हुक आणि बोल्ट जवळजवळ घ्यावेत. त्याला लागणारे जादा पैसे थोडेच असतात. वादळानंतर पत्रे मिळेनासे झाले आणि जे मिळाले ते चढ्या दराने घ्यावे लागले, हे त्या वर्षी सर्वांनी अनुभवले आहे.

आता जुन्या घरांकडे वळतो. नव्या घरापेक्षा दुरुस्तीचे अंदाजपत्रक कठीण असते, आणि आमच्याकडे तर ते करतच नाहीत. ‘काम निघेल तसे बघू’ असे म्हणून कौले उतरवली जातात. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंती, वर वासे-रिपा आणि मंगलोरी कौले अशा घरात बाहेरून दिसणारे दुखणे आणि खरे दुखणे यांत अंतर असते. चार वासे बदलायचे म्हणून छप्पर उघडावे तर आढ्याचा भिंतीतला टोकाचा भाग वाळवीने पोखरलेला निघतो, आढे काढावे तर त्याखालची भिंतीची माती भुसभुशीत झालेली असते, आणि मे महिना तोंडावर आलेला असतो. अशा वेळी माणूस मागेल त्या दराने पत्रे, लोखंड आणि मजूर घेतो. माझा आग्रह असा राहील की दिवाळीनंतर लगेच एका खोलीपुरतीच कौले उतरवून, वासे टोचून, भिंतीचा गिलावा दोन ठिकाणी खरवडून पाहावे आणि मगच संपूर्ण कामाचे माप काढावे. नव्या बांधकामात आकस्मिक खर्चासाठी १० टक्के रक्कम बाजूला ठेवली तर बहुधा पुरते. जुन्या घराला मी २५ टक्क्यांखाली कधी सुचवत नाही. मातीत बांधलेल्या भिंतींवर थेट स्लॅब टाकण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. तो भार त्या भिंतींसाठी नाही, आणि त्यासाठी वेगळे कॉलम उभे करायचे ठरले की ते काम दुरुस्तीचे राहत नाही, नव्या घराचेच होते आणि खर्चही त्याच मापाने येतो.

जुन्या सामानाची किंमतही हिशेबात आली पाहिजे. सागवानी दारे-खिडक्या, फणसाचे किंवा किंजळीचे खांब, धड असलेली कौले यांना आज चांगली मागणी आहे. ‘पाडकाम फुकट, सामान आमचे’ अशी बोली मान्य करण्याआधी त्या सामानाची यादी करून दोन ठिकाणी भाव विचारावा. काम चालू असताना कुटुंबाने राहायचे कुठे, गुरे आणि भात कुठे ठेवायचे, मांडवाला किती खर्च येईल, म्हाताऱ्या माणसांसाठी संडासाची सोय काय, हेही पैशांचेच प्रश्न आहेत. घर सामाईक असेल तर हिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्यावी, ही सूचना मी पुन्हा पुन्हा करतो. छप्पर उघडल्यावर एखाद्या भावकीतल्याचा हरकतीचा अर्ज आला की मजूर निघून जातात, आगाऊ दिलेले पैसे अडकतात आणि उघड्या भिंतींवर पाऊस पडतो.

पैसे उभे करण्याबाबत दोन-तीन मुद्दे आवश्यक वाटतात. सिमेंटवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ३०० रुपये धरली तर पोत्यामागे ३० रुपयांचा, आणि ४०० पोती लागणाऱ्या घराला १२ हजार रुपयांचा हा फरक आहे. मालासकट दिलेल्या जुन्या कंत्राटात ही घट कुणाच्या पदरात पडणार, हे लिहिलेले नसेल तर ती मालकाला मिळत नाही; उद्या दर वाढला तर तो मात्र आपल्याकडून घेतला जाईल, अशी मालकांची रास्त भीती असते. म्हणून सिमेंट, लोखंड आणि वाळू यांचा मूळ धरलेला दर करारात लिहून चढ-उताराचा नियम दोन्ही बाजूंनी ठरवावा.

बँकेचे कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकते, परंतु बँक पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे, पाहणी करून देते. कंत्राटदाराचे हप्ते मात्र आगाऊ असतात. ही दोन वेळापत्रके जुळवली नाहीत तर मधली रक्कम हातउसन्याने किंवा सोने गहाण ठेवून भरावी लागते, आणि ते व्याज कुठल्याच बजेटमध्ये नसते. जुन्या करप्रणालीत स्वतः राहण्याच्या घराच्या बांधकाम-कर्जावरील व्याजाची वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, पण त्यासाठी घर पाच वर्षांत पूर्ण व्हावे लागते. दुरुस्तीच्या कर्जाला ही मर्यादा ३० हजारच आहे. अर्ध्यावर थांबलेल्या घराचा हाही एक तोटा आहे, आणि नोकरदार चाकरमान्यांनी तो लक्षात घ्यावा.

हप्ते तारखेवर न देता मोजलेल्या कामावर द्यावेत आणि एकूण रकमेचा पाच टक्के भाग पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावा, असे मी प्रत्येक करारात सुचवतो. चांगल्या कंत्राटदारांनी याला कधी नकार दिलेला मी पाहिलेला नाही. सदनिका घेणाऱ्याला महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, आधार असतो. स्वतःच्या जागेत कंत्राटदाराकडून घर बांधून घेणाऱ्याला तो मिळत नाही. त्याच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. मात्र तिथे वहीतले ते एक पान फार दूर नेत नाही. बाबवार अंदाजपत्रक, मुद्रांकावरचा करार आणि सह्या असलेली मोजमापाची नोंद हाती असली पाहिजे.

घरकुल योजनेतल्या कुटुंबांचा प्रश्न याहून गंभीर आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून सर्वसाधारण क्षेत्रासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ राज्ये व दुर्गम क्षेत्रांसाठी १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरलेले आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घालण्याचा आणि घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत देण्याचा निर्णय घेतला, त्याचे स्वागतच आहे. तरीही २५ चौरस मीटरचे ते छोटे घर उतारावर असेल तर जोत्याचा आणि भरावाचा वर सांगितलेला खर्च त्यालाही चुकत नाही, आणि वाळू मोफत असली तरी ती वाडीपर्यंत आणण्याचे भाडे द्यावेच लागते. या कुटुंबांना पहिला हप्ता देण्याआधी त्यांच्याच जागेचे माप घेऊन अंदाजपत्रक करून दिले पाहिजे. पंचायत समितीकडे त्यासाठी ग्रामीण गृहनिर्माण अभियंते आहेत. कामाचा भार मोठा आहे हे मान्य करूनही ही अपेक्षा अवाजवी नाही.

सार्वजनिक बांधकाम विभाग राज्य दरसूची प्रसिद्ध करतो आणि पायखोदाईपासून रंगापर्यंत प्रत्येक बाबीचे वर्णन व दर त्यात असतात. हे दर सरकारी कामांसाठी असल्याने खासगी घराला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण बाबींची यादी तयार मिळते, आणि घरबांधणीत काय काय लागते हे कळण्यासाठी तीच सर्वांत उपयोगी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत या सूचीवरून मराठीत केलेले दोन पानी कोरे अंदाजपत्रक द्यावे, अशी माझी जिल्हा परिषदेला विनंती आहे. त्यात जोते, भराव, धरभिंत, स्लॅबवरचे छप्पर, पाणी आणि वाहतूक या बाबी छापील असाव्यात, म्हणजे त्या विसरल्या जाणार नाहीत.

आपल्याला विनंती अशी की, आंब्याच्या हंगामात वाशी बाजारातल्या पेटीचा भाव जसा आपल्या दैनिकात येतो, तसे नोव्हेंबर ते मे या काळात महिन्यातून एकदा तालुकावार बांधकाम साहित्याचे दर छापावेत. चिरा मापासह आणि खाणीवरचा व घरपोच असा वेगवेगळा, वाळू व मुरूम ब्रासवर, सिमेंट पोत्यावर, सळई किलोवर, पत्रा जाडीसह, तसेच गवंडी, सुतार आणि बिगारी यांची रोजची मजुरी, इतक्या नोंदी पुरेशा आहेत. दर कोणत्या तारखेचे आणि कोणत्या गावातले, हे सोबत दिले जावे. राजापूर, लांजा आणि देवगड या तीन तालुक्यांचे दर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गोळा करून आपल्या कार्यालयात पोहोचवण्याची जबाबदारी मी आणि माझे काही व्यवसायबंधू घेण्यास तयार आहोत. बाकीच्या तालुक्यांतल्या अभियंत्यांनी आणि मिस्त्रींनीही आपल्याशी संपर्क साधावा. सध्याचा हंगाम सुरू झालेला असल्यामुळे पहिला तक्ता डिसेंबरमध्येच येऊ शकला, तर ज्यांची पायखोदाई अजून व्हायची आहे त्यांना तो याच वर्षी वापरता येईल.

आपला विश्वासू,
एक बांधकाम अभियंता
ता. राजापूर, जि. रत्नागिरी